ट्रिपल सेव्हन द्यायच्या आधी

चि. मुग्धास,


सर्व्हर सांभाळायचं काम तुझ्याकडे आलं, फार बरं वाटलं. पण फोनवर तू सहज म्हणालीस, “परमिशन डिनाइड येत होतं, मग अख्ख्या फोल्डरला ट्रिपल सेव्हन देऊन टाकलं,” त्यासाठी हे पत्र. काम झालं असेलच. अडलं कुठे होतं, ते मात्र तुला अजून कळलेलं नाही.

हिशेब तुला ठाऊक आहे: वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, पहिला आकडा मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. गोंधळ होतो तो डिरेक्टरीपाशी. तिथे ४ म्हणजे नुसती नावं दिसणं आणि १ म्हणजे आत शिरता येणं. या १ च्या जोडीला २ मिळाला की आतली फाइल पुसताही येते, मग त्या फाइलवर लिहायची परवानगी असो वा नसो. टेम्प डिरेक्टरी सर्वांना खुली असूनही तिथे कुणी दुसऱ्याची फाइल पुसू शकत नाही, कारण तिच्यावर १७७७ असतं. त्यातला सुरुवातीचा १ हा स्टिकी बिट. तुझ्या ७७७ मध्ये तो नाही. म्हणजे त्या मशीनवरची कुठलीही फुटलेली प्रोसेस तुझी फाइल उडवून त्याच नावाची आपली फाइल तिथे ठेवू शकते.

तेव्हा आधी पीएस लावून बघ, अडलेली प्रोसेस कोणत्या युजरच्या नावाने चालते. मग पूर्ण पाथ देऊन ‘नेमआय -एल’ चालव. रूटपासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचा मालक, ग्रुप आणि परवानगी ओळीने दिसते. पुष्कळदा मधल्याच एखाद्या डिरेक्टरीला तो १ नसतो. कधी परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉडची गरजच नसते, सीएचओनने मालक बदलला की भागतं. चौघांनी मिळून वापरायची डिरेक्टरी असेल तर ग्रुप नेमून २७७० दे. सुरुवातीच्या २ मुळे नव्या फाइली आपोआप त्याच ग्रुपच्या होतात. यूमास्क ००२ असू दे, नाहीतर सोबत्यांना त्यात लिहिता येणार नाही.

ते ७७७ ‘-आर’ लावून, म्हणजे आतल्या सगळ्यासकट, दिलं असशील तर निस्तरताना जपून. सरसकट ६४४ दिलंस तर डिरेक्टऱ्या बंद होतील, सरसकट ७५५ दिलंस तर साध्या फाइलीही चालवण्याजोग्या राहतील. नुसता कॅपिटल एक्सही इथे कामाचा नाही, कारण प्रत्येक फाइलला एक्स, म्हणजे चालवायचा तो १, आधीच मिळालेला आहे. फाइंडने डिरेक्टऱ्या वेगळ्या काढून ७५५ दे, फाइलींना ६४४, आणि स्क्रिप्टांना हाताने एक्स परत दे. पासवर्ड असलेल्या फाइली ६४० किंवा ६०० वर आण. एसएसएचची खासगी की तर ६०० वरच हवी. ती इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं.

मागणारा कोण आणि त्याला नेमकं काय हवं, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय सीएचमॉडला हात लावू नकोस. उत्तर मिळेल तेवढंच दे. कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त दिलेलं मात्र कुणी तक्रार करून परत करत नाही.

तुझा,
मामा