मोटार मागून का खचते?

विद्यार्थिमित्रांनो, २००४ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ५-मालिकेतील इस्टेट मोटारीत मागच्या चाकांपाशी पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेने भरलेल्या दोन रबरी पिशव्या असतात. समजा, एका पिशवीवर ४०० किलोग्रॅम भार आहे व तिचे भार पेलणारे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे. मग आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम जास्त हवा.

पिशवीला बारीक चीर पडली, तर दाब उतरेल, असे तुम्ही म्हणाल. पण भार तेवढाच आहे! म्हणून दाब जवळजवळ तेवढाच राहतो. घटते ते आकारमान. तेव्हा दोष उंचीवरून शोधावा.

सपाट जागी चाकांवरील कमानींची उंची रात्री व सकाळी मोजा. एकच बाजू खचली, तर त्या पिशवीला व नळीला साबणाचे पाणी लावा. बुडबुडे गळती दाखवतील. उंची टिकते, पण सामान भरल्यावर खचलेली मोटार उचलली जात नाही, तर फ्यूज, कॉम्प्रेसर व उंचीमापक तपासावेत. गळती तशीच ठेवून नुसता कॉम्प्रेसर बदलला, तर अखंड चालून नवाही तापून निकामी होईल.

मोटार भक्कम घोड्यांवर टेकवल्याशिवाय कोणीही तिच्याखाली शिरू नये.

आता सांगा : खचलेली मोटार आतल्या रबरी ठोकळ्यावर टेकल्यावर पिशवीतील दाबाचे काय होईल?