कर्ज फिटलं, मग सातबाऱ्यावर बोजा कसा?

प्रश्न : वडिलांनी विकास सोसायटीचं पीककर्ज कधीच फेडलं, तरी सातबाऱ्यावर बोजा दिसतो. गिऱ्हाईक मागे सरतंय. शिवाय, हातउसने घेऊन बुडवणाऱ्याच्या रानावर आम्हाला बोजा चढवता येईल का?
– एक वाचक, उंब्रज (ता. कराड)

उत्तर : कर्ज फिटलं म्हणून बोजा आपोआप उतरेलच असं धरू नका. वडिलांनी इकरार लिहून दिला, त्यावरून फेरफार होऊन ‘इतर हक्कां’त नोंद बसली, ती काढायलाही फेरफारच लागतो. सोसायटीकडून ‘येणे बाकी नाही’ दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घ्या. गावकामगार तलाठ्याकडे किंवा ‘ई-हक्क’वर अर्ज करा. नोंद मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केल्यावरच नवा उतारा काढा. नुसत्या पोचपावतीवर इसार घेऊ नका. गिऱ्हाइकाचंही चुकत नाही : सहकार कायदा, 1960च्या कलम 48नुसार इकराराचं कर्ज पुरतं फिटेपर्यंत केलेली विक्री रद्दबातल ठरते.

हातउसन्याचं म्हणाल, तर साध्या स्टॅम्पवरच्या चिठ्ठीने बोजा चढत नाही. नोंदणीकृत गहाणखत नसेल तर दिवाणी दावा लावा. समोरचा जमीन विकायच्या बेतात असेल, तर निकालाआधीच जप्तीचा अर्ज देता येतो. मुदत मात्र साधारण तीन वर्षांची, तेव्हा आधी चिठ्ठीवरची तारीख बघा.