गोल फिरणारी संख्या : १,४२,८५७



आज मी एका मोठ्या संख्येची माहिती सांगणार आहे. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. पाटीवर लिहून घ्या. आता तिला गुणू या.

१,४२,८५७ × १ = १,४२,८५७
१,४२,८५७ × २ = २,८५,७१४
१,४२,८५७ × ३ = ४,२८,५७१
१,४२,८५७ × ४ = ५,७१,४२८
१,४२,८५७ × ५ = ७,१४,२८५
१,४२,८५७ × ६ = ८,५७,१४२

नीट बघा. सगळीकडे तेच सहा अंक आहेत. त्यांचा क्रमही मोडत नाही. सहा मुलं हात धरून रिंगण करून उभी आहेत असे समजा. मोजायला दरवेळी वेगळ्या मुलापासून सुरुवात करायची, एवढेच. ७ ने गुणले की मात्र सगळे नऊच येतात : ९,९९,९९९.

असे का होते? गुरुजींनी आम्हाला दहा लाखाला ७ ने भागायला लावले. भागाकार आला १,४२,८५७. भागताना बाकी उरत गेली ३, २, ६, ४, ५ आणि शेवटी १. म्हणजे १ ते ६ या सगळ्या बाक्या एकेकदा आल्या. आता वीस लाखाला भागा. सुरुवात २० ने होते. मघाशी बाकी २ उरली, तिच्यावर शून्य घेतले, तेव्हाही २० च झाले होते. म्हणून तिथून पुढचे अंक तेच येतात. आहे की नाही गंमत!

या संख्येचा उपयोगही आहे. माझ्या बाबांची शाळा तिसरीतच सुटली. परवा रात्री त्यांनी माझ्या पाटीवर ४ ने गुणाकार केला. उत्तर आले ४,७१,४२८. मी म्हणालो, "बाबा, ४ दोनदा आले, मग ५ कुठे गेले?" बाबांनी परत पाहिले आणि म्हणाले, "अरे, शेवटचा हातचा एक राहिला की!" चूक त्यांची त्यांनीच शोधली. मग ५ आणि ६ चे गुणाकार एकदम बरोबर आले. आता बाबा रोज पाटी मागतात.

आपल्या महाराष्ट्रात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे गणिती होऊन गेले (१९०५ ते १९८६). ते नाशिक जिल्ह्यात देवळालीला शाळेत शिक्षक होते. त्यांना संख्यांचा फार नाद होता. आपल्या संख्येला तिनेच गुणले तर २०,४०,८१,२२,४४९ येतात. त्याचे दोन तुकडे करा : २०,४०८ आणि १,२२,४४९. बेरीज करा. पुन्हा १,४२,८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात.

आता तुमच्यासाठी एक गणित. ८ ने गुणा. उत्तर सात अंकी येईल. पहिला १ पुसा आणि शेवटच्या अंकात मिळवा. काय आले? पालकांनीसुद्धा करून बघावे. फळ्याखाली खडू ठेवला आहे.

– इयत्ता चौथी