‘पीसी लॅग मारतोय’ म्हणजे नेमकं काय?

दहावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत हा विषय निघतो. ‘बाबा, पीसी फार लॅग मारतोय, नवा गेमिंग पीसी असेंबल करू या ना.’ साठ-सत्तर हजारांचा आकडा कानावर पडतो. मग एक जण ‘अजिबात नाही’ म्हणतो, दुसरा ‘घेऊन टाकू, मार्क चांगले मिळवलेत’ म्हणतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, हो-नाही ठरवण्याआधी एक संध्याकाळ मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा आणि पीसी कुठे अडतोय ते दोघांनी मिळून शोधा.

सुरुवात प्रश्नाने करा. लॅग मारतो म्हणजे काय होतं? ऑनलाइन खेळात समोरचा खेळाडू मधूनच गायब होऊन भलतीकडे उगवत असेल, तर दोष बहुधा इंटरनेटचा. पिंगचा (खेळाच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेचा, मिलिसेकंदांतला) आकडा स्क्रीनवर दिसतो. तो तीस-चाळीसवरून अचानक दोनशेवर जात असेल, तर लाखाचा पीसी आणूनही फरक पडणार नाही. वायफायऐवजी राउटरपासून लॅन केबल ओढून बघा. पण चित्रच संथ सरकत असेल किंवा मधूनमधून गचके बसत असतील, तर मशीनकडे वळायचं.

खेळ चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये मागच्या साठ सेकंदांचा आलेख दिसतो. ग्राफिक्स कार्ड 95 टक्क्यांच्या वर असेल, तर तेच कमी पडतंय. ते पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) वाढत नसेल, तर बहुधा प्रोसेसर त्याला वेळेवर काम पुरवू शकत नाही. (एफपीएसवर मर्यादा किंवा व्ही-सिंक (एफपीएस मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) लावलेलं असेल तर ते आधी काढा.) इथे बरेच जण फसतात. एकूण प्रोसेसर चाळीस टक्केच दिसतो, पण आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा पाहिला की एखादाच शंभराला टेकलेला असतो. खात्री करायची तर रिझोल्यूशन 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 वर आणा. एफपीएस भरभर वाढले तर अडचण कार्डाची. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसरची. व्हॅलरंटसारखा खेळ प्रोसेसरवर जास्त अवलंबून असतो, सायबरपंक 2077 कार्डाला घाम फोडतो. म्हणून चाचणी मूल खरंच खेळतं त्या खेळावरच घ्या.

‘मेमरी’च्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते लिहिलेलं असतं. दोनपैकी एकच असेल, तर जुळणारी रॅमची दुसरी स्टिक लावल्यावर काही खेळांत स्पष्ट फरक पडतो. खेळ अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर टाका. आणि 144 हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये 60 वरच राहिलाय का, त्याची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डला तर लावलेली नाही ना, हेही बघा. असं सर्रास होतं.

उष्णतेचं मात्र मला सविस्तर सांगायचंय. शेजारचा अकरावीतला मुलगा मे महिन्यात म्हणाला, ‘मावशी, पहिली दहा मिनिटं मक्खन चालतो, मग फुस्स.’ तेवढ्यावरूनच संशय आला. आम्ही तापमान दाखवणारा एक मोफत प्रोग्राम टाकला. प्रोसेसर 100 अंशांना भिडला की त्याचा वेग 3.9 गिगाहर्ट्झवरून निम्म्याखाली घसरत होता. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची तापमानाची मर्यादा 100 अंशच असते. तिथे पोचल्यावर स्वतःला वाचवायला ते वेग कमी करतात. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेलं होतं. मेन स्विच बंद करून झाकण काढलं, तर पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीची गोधडीच बसली होती. पंखा बोटाने धरून ब्रशने साफ केला, सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली आणि कॅबिनेट मोकळ्यावर ठेवलं. त्या रात्री खेळ एकदाही अडला नाही.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता. मशीन खरंच अडकत होतं. घरी मात्र ‘नव्या वस्तूसाठी निमित्त काढतोस’ एवढंच त्याला ऐकायला मिळत होतं. मुलाची तक्रार आणि मुलाचा उपाय या दोन गोष्टी वेगळ्या धरा, एवढंच मला तुम्हाला मनापासून सांगायचंय. उपाय चुकीचा असला तरी तक्रार खरी असू शकते, आणि तिला मान दिला की पुढचं बोलणं सोपं जातं.

हे सगळं करूनही काही वेळा नवं घ्यावंच लागतं. तेव्हा कार्डच कमी पडतंय असं दिसलं तर फक्त कार्ड बदला. त्याआधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) किती वॉटचा आहे आणि नव्या कार्डाला लागणारी पिन त्यात आहे का ते तपासा. प्रोसेसर कमी पडत असेल तर नवं महाग कार्ड बसवून पैसे वाया जातील. पूर्ण पीसी बदलायचा ठरला तरी एसएसडी, मॉनिटर आणि बहुतेकदा कॅबिनेटही पुढे वापरता येतं. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, म्हणून जुनी रॅम नव्या मदरबोर्डवर चालते का हेही विचारा. सगळे आकडे एका कागदावर मुलाच्याच हाताने लिहून घ्या आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या गावातल्या दुकानात गेलात की दुकानदाराशी त्यालाच बोलू द्या.