मधुमेहाची जखम आणि जेलची पट्टी

‘जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की बरी होते,’ असे आपल्या घराघरांत सांगितले जाते. ही समजूत तपासून पाहायला हवी. १९६२ साली डॉ. जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या जखमांवर प्रयोग केला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगाने आली. हायड्रोजेलची पट्टी याच तत्त्वावर काम करते.

हायड्रोजेल म्हणजे पाणी धरून ठेवणारा मऊ, थंड गर. त्यात बहुतांश पाणीच असते. कोरड्या जखमेला तो ओल देतो, मेलेली कातडी मऊ करून सुटी करतो आणि पट्टी काढताना नवे मांस ओरबाडले जात नाही. काही पट्ट्यांत जंतूंना रोखणारी चांदीही असते. साखर वाढली की आपोआप औषध सोडणाऱ्या जेलवर प्रयोगशाळांत संशोधन चालू आहे.

पण लक्षात ठेवा, नुसत्या जेलने पिकलेली जखम बरी होत नाही. डॉक्टर आधी सडलेला भाग काढतात, गरजेप्रमाणे प्रतिजैविके देतात, पायाचा रक्तपुरवठा तपासतात. साखर ताब्यात हवी आणि जखमेच्या पायावर भार नको. जखमेतून खूप पाणी वाहत असेल तर साधे जेल चालत नाही, शोषून घेणारी पट्टी लागते. म्हणून दुकानातून आणून स्वतःच लावू नका.

मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. खिळा रुतला, चप्पल चावली तरी कळत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही’ हा विचारच पाय गमावण्यापर्यंत नेतो.

घरी काय कराल?

• रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहा. दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना सांगा.
• घरातही अनवाणी फिरू नका.
• जखमेत हळद, चुना, राख, टूथपेस्ट भरू नका. गरम पाण्याने शेकू नका.
• लाली, सूज, पू, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. उपचार योजनेत बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

मजुरी बुडेल म्हणून जखम लपवू नका. एका दिवसाचा खाडा परवडतो, पाय गेला तर घर बसते.