परसबाग आणि पाण्याचा हिशेब

सन २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें, ही गोष्ट वाचकांच्या स्मरणांत असेलच. ता. १२ एप्रिल रोजीं जी पहिली गाडी लातुरांत पोंचली, तिच्या दहा टांक्यांत मिळून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. त्याच उन्हाळ्यांत प्रस्तुत लेखकानें आपल्या परसांतील भाजीस रोज किती पाणी जातें, हें मोजून पाहिलें. पंधरा लिटरांची बादली नळीखालीं एका मिनिटांत भरे, आणि नळी अर्धा तास चालू असे. म्हणजे रोजचे साडेचारशें लिटर झाले. अशा अकराशें परसबागा ती सबंध गाडी एका दिवसांत रिकामी करतील.

हें मोजण्याचें कारणही सांगितलें पाहिजे. एके दिवशीं सकाळीं वाफे भरून उरलेलें पाणी कुंपणाच्या मोरींतून रस्त्याकडेच्या गटारांत पडत होतें, आणि टँकरपासून रिकामी परतलेली एक बाई त्या धारेस आपली घागर लावून उभी होती. ती कांहींच बोलली नाहीं. परंतु इतरांच्या हक्कांची बाजू न्यायासनापुढें मांडण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यास त्या घागरीपुढें स्वतःची बाजू मांडतां आली नाहीं.

बागच मोडून टाकणें हा सोपा मार्ग होता. पण तो शहाणपणाचा नव्हे. टंचाईंत भाजी महागते, व गरिबाच्या ताटांतून ती सर्वांआधीं नाहींशी होते. म्हणून बाग राखावी, परंतु तिची मांडणी पाण्याच्या मापानें करावी.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचें पाणी म्हणजे एक लिटर. आमच्या पठारावरील उन्हाळ्यांत भरल्या वाफ्यास दिवसास सहा ते आठ मिलिमीटर पाणी लागतें असें धरल्यास, दहा चौरस मीटरांस साठ ते ऐशीं लिटर पुरतात. पांच माणसांनीं एकेक बादलीनें स्नान केलें तर पंचाहत्तर लिटर होतात. आमचे वाफे चाळीस चौरस मीटर होते. त्यांस फार तर सव्वातीनशें लिटर लागते. बाकीचें पाणी वाटेनें व मोरीनें नेलें. आपण आधीं बाग आंखतों आणि मग तिच्यासाठीं पाणी शोधतों, ही मूळ चूक होय. अंथरूण पाहून पाय पसरावे, हाच येथें पहिला नियम.

दुसरी गोष्ट वाफ्यांच्या उंचीची. आमचे वाफे वाटेहून उंच होते व मधून मातीचा उघडा पाट होता. उन्हाळ्यासाठीं वाफा वाटेहून वीतभर खोल व तळाशीं सपाट करावा. रुंदी दोहों बाजूंनीं हात पोंचेल इतकी, म्हणजे सुमारें एक मीटर, ठेवावी. आणि खणतांना कुजलेलें शेणखत मिसळावें. काळ्या भारी जमिनींत मात्र पावसाळ्यापूर्वीं हेच वाफे भरून उंच करावे, नाहींतर पाणी सांचून मुळें कुजतात.

तिसरी गोष्ट आच्छादनाची. उघड्या मातीचें पाणी ऊन व वारा पितात. उंसाचें पाचट, वाळला पाला किंवा गवत यांचा चार बोटें जाड थर पसरावा. खोडाभोंवतीं दोन बोटें जागा मोकळी सोडावी. पाणी देण्यापूर्वीं थर सारून बोट दोन पेरें मातींत घालावें. ओल लागली तर त्या दिवशीं पाणी देऊं नये.

चौथी गोष्ट मडक्याची, आणि ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत चीनमधील फान शेंग-चि याच्या शेतीविषयक ग्रंथांत पुरलेल्या मडक्याची ही रीत वर्णिली आहे. झिलई न दिलेलें दहा लिटरांचें मडकें गळ्यापर्यंत पुरून भोंवतीं दुध्या, दोडका अथवा काकडी यांचे तीन-चार वेल लावावे, व तोंडावर झांकण ठेवावें. माती सुकली कीं मडकें पाझरतें. माती ओली असली कीं पाझर मंदावतो. क्षारांनीं छिद्रें बुजलीं म्हणजे मडकें बदलावें.

पिकें तहानेप्रमाणें एकत्र लावावीं. मेथी, पालक, कोथिंबीर यांचीं मुळें उथळ. त्यांस थोडें पण वारंवार पाणी हवें. गवार व चवळी पुष्कळ तग धरतात. पश्चिमेस शेवग्याचें एक झाड असल्यास शेंगाही मिळतात व उतरत्या उन्हास आडही होतो.

न्हाणीच्या पाण्यावर केळ व अळू वाढविण्याची आपल्या आज्यांची रीत सर्वांस ठाऊक आहे. तीच वाफ्यांस लावावी, पण विवेकानें. पहिल्या वर्षीं आम्हीं कपड्यांचें सोड्याचें पाणीही वाफ्यांत सोडलें, आणि वांग्यांचीं पानें कडेनें करपलीं. तेव्हांपासून तें पाणी वेगळें काढतों. स्नानाचें पाणी त्याच दिवशीं मुळाशीं देतों, पानांवर शिंपडीत नाहीं. आणि काकडी, कोथिंबीर अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांस स्वच्छ पाणीच देतों.

आज आमच्याकडे दहा चौरस मीटर वाफे व सहा मडकीं आहेत. स्वच्छ पाणी रोज तीन बादल्यांहून अधिक लागत नाहीं. भाजी पूर्वीच्या निम्मी निघते, हें लपवीत नाहीं. पण स्वच्छ पाण्याचा खर्च दशांशावर आला आहे.

ज्यांच्या वाड्यांत विहीर आहे, ते म्हणतील कीं पाणी आमचेंच आहे. सन १८८२ च्या सुखाधिकारांच्या कायद्याचें सातवें कलम निश्चित प्रवाहानें न वाहणारें भूगर्भांतील पाणी आपल्या हद्दींत काढून घेण्याचा मालकाचा हक्क मानतें, हें खरें. सन २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमानें त्यास मर्यादाही घातल्या आहेत. परंतु भूगर्भांत हद्दीचे दगड नसतात. आमच्या वाड्यांत जें पाणी व्यर्थ उपसलें जातें, तें पुष्कळदां शेजारच्या वस्तीच्या विहिरींतूनच येतें.

याकरितां धनिक, व्यापारी व जमीनदार सद्गृहस्थांस विनंती कीं, देणगीचा आंकडा लिहिण्यापूर्वीं एक सकाळ बादली व घड्याळ घेऊन आपल्या बागेंत उभें राहावें. जें पाणी वांचेल, त्याचा एक नळ कुंपणाबाहेर काढावा. आमच्या मोरीच्या जागीं आतां तसा नळ आहे, आणि घागर गटाराशीं लावावी लागत नाहीं.