चित्र कशासाठीं काढावें ?

चित्रकलेच्या तासाला विद्यार्थी वही घेऊन आमच्या टेबलापाशीं येतात आणि बहुधा एकच प्रश्न विचारतात, "सर, बरोबर आलंय का?" बरोबर म्हणजे कशासारखें? फळ्यावरील नमुन्यासारखें, पुस्तकांतल्यासारखें, नाहींतर शेजारच्या हुशार मुलाच्या वहीसारखें. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपुरती ही कसोटी योग्यच आहे. वस्तुचित्रांत तांब्या तांब्यासारखाच दिसला पाहिजे, अक्षरलेखनांत ओळ वांकडी जातां कामा नये; त्या शिस्तीवांचून हात तयार होत नाहीं. परंतु चित्राचा आणखी एक उपयोग आहे. काय निघणार हें आधीं न ठरवितां हात चालूं द्यावा, आणि काढतां काढतां आपल्या मनांत काय होतें हें आपलें आपणांस कळावें, असा तो उपयोग होय. त्याकडे आमचें स्वतःचें लक्ष फार उशिरां गेलें, आणि तेंही एका चुकीमुळें गेलें. ती चूक येथें सांगणें भाग आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गास 'आमची वाडी' हा विषय दिला होता. एका मुलानें विहीर काढली. तिचा कठडा, रहाट, शेजारची केळ, सर्व कांहीं प्रमाणांत होतें. मग त्यानें निळा रंग घेतला व विहिरीवर फांसला. त्यावर काळा, त्यावर पुन्हां निळा. अर्ध्या तासांत रहाट गेला, केळ गेली, कागद ओला होऊन फाटण्याच्या बेतास आला. आम्हीं दहांपैकीं तीन गुण दिले आणि लाल शाईनें शेरा मारला: 'चांगलें चित्र बिघडविलें.' मुलगा कांहीं बोलला नाहीं.

त्याच्या वाडींतील विहीर त्याच उन्हाळ्यांत बुजविली गेली होती व तेथें इमारतीचा पाया पडला होता, हें आम्हांस पुष्कळ महिन्यांनीं कळलें. पापडीच्या आसपास अशा विहिरी किती गेल्या, हें येथील वाचकांस सांगावयास नको. पुढें त्या मुलानेंच सांगितलें कीं, काढावयास बसला तेव्हां विहीर सुंदर दिसावी एवढेंच त्याच्या मनांत होतें. रंगाचा तिसरा हात देतांना त्याला एकाएकीं रडूं येऊं लागलें, आणि विहीर गेल्याचें आपणांस वाईट वाटतें हें त्याला तेव्हां प्रथम समजलें. घरीं सर्वजण नव्या घराच्या आनंदांत होते. त्यांत तोही आनंदीच होता, अशी त्याची समजूत होती. ज्या कागदावर त्याला हें सांपडलें, त्याची किंमत आम्हीं तीन गुण ठरविली होती.

हा प्रकार मुलांपुरताच आहे असें कोणी समजूं नये. रवींद्रनाथ ठाकुरांनीं चित्रकलेचें रीतसर शिक्षण घेतलें नव्हतें. कवितेच्या हस्तलिखितांत खोडलेले शब्द तसेच उघडे पडलेले त्यांना पाहवत नसत. ते एका खाडाखोडीस दुसरी जोडीत, आणि त्यांतून कोठें चोंच, कोठें डोळा, कोठें एखादें विचित्र जनावर वर येई. १९२४ सालीं, वयाच्या ६३ व्या वर्षीं, 'पूरबी' या संग्रहाच्या हस्तलिखितांत हा खेळ फार वाढला. अर्जेंटिनांतील विदुषी व्हिक्टोरिया ओकांपो यांच्या नजरेस तीं पानें पडलीं, आणि १९३० सालीं पॅरिस येथें त्यांच्या चित्रांचें जें प्रदर्शन भरलें त्यांत त्यांचाच पुढाकार होता. १९४१ सालीं निधन होईपर्यंत रवींद्रनाथांच्या हातून दोन हजारांहून अधिक चित्रें झालीं. बहुतेकांस नांव देण्याचें त्यांनीं टाळलें. ज्या पुरुषास शब्दांचा तुटवडा कधीं पडला नाहीं, त्यालाही आपल्यांतील कांहीं गोष्टी शब्द खोडल्यावरच दिसल्या.

आतां आमच्याच पालघर जिल्ह्याकडे वळूं. डहाणू-तलासरीकडे वारली घरांतील लग्नांत सुवासिनी स्त्रिया भिंतीवर तांदळाच्या पिठानें देवीचा चौक लिहितात. तो विकण्यासाठीं नसतो व जपून ठेवण्यासाठींही नसतो. कुडाच्या भिंतीवर तो हळूहळू पुसट होतो. तथापि त्यांत काढणारीनें स्वतःचें मन शोधावें असा हेतु नाहीं. तो विधि आहे, आणि आपल्या म्हणण्यास पुरावा हवा म्हणून त्याला वांकविणें बरें नव्हे. आमच्या विषयाशीं खरा संबंध आहे तो डहाणू तालुक्यांतील जिव्या सोमा मशे यांचा. १९३४ सालीं जन्मलेल्या मशे यांची आई ते लहान असतांनाच वारली. त्यानंतर कित्येक वर्षें ते बोलेनासे झाले, आणि धुळींत आकृति काढून आपलें म्हणणें सांगूं लागले, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. पुढें लग्नविधीशीं संबंध नसतांही ते रोज चित्रें काढूं लागले; त्यांचीं चित्रें देशोदेशीं गेलीं, २०११ सालीं पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते निवर्तले. परंतु धुळींत बोट फिरविणाऱ्या त्या मुक्या मुलापुढें यांतलें कांहीं एक नव्हतें. वारा आला कीं चित्र जात असे, आणि तो दुसरें काढीत असे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. नागपूर येथें १९२४ सालीं जन्मलेले व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले वासुदेव गायतोंडे वर्षाकाठीं मोजकींच चित्रें करीत. रोलरनें व सुरीनें रंग चढवावा, खरवडावा, आणि बराच काळ नुसतें पाहत बसावें, अशी त्यांची रीत. २०१३ सालीं मुंबईंतील लिलांवांत त्यांच्या एका चित्रास २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. तेव्हां त्यांना जाऊन बारा वर्षें झालीं होतीं. वर्तमानपत्रांनीं किंमत छापली. त्या पाहत बसण्याची बातमी अर्थात् होत नाहीं.

विद्यार्थ्यांस करून पाहावयाचें असल्यास साहित्य फार नको. जुनें वर्तमानपत्र, गेरू, चुना व चुलींतला कोळसा पुरे. महाग कागद घेऊं नये. महाग कागदावर हात भितो. वीस मिनिटें ठरवावीं आणि खोडरबर दूर ठेवावें. एकच आकार हाताला पुन्हां पुन्हां काढावासा वाटला तर काढूं द्यावा, आणि हें काय आहे असें मध्येंच स्वतःस विचारूं नये. वेळ संपल्यावर कागद भिंतीशीं उभा करून चार पावलें मागें जाऊन पाहावें. मागील बाजूस तारीख लिहावी, व हात कोठें अडला आणि कोठें धांवला हें एका वाक्यांत टिपावें. चित्र कोणास दाखविण्याची सक्ति नाहीं.

शिक्षकबंधूंस व भगिनींस एक विनंती. अशा चित्रांस गुण देऊं नयेत, आणि अर्थही लावूं नये. काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, अशीं कोष्टकें मांडणें सोपें आहे, पण ज्याचें चित्र त्यालाच त्याचा अर्थ सांगूं द्यावा. विहिरीवरचा काळा रंग दुसऱ्या एखाद्या मुलाच्या हातून केवळ खोल पाण्यासाठींही आला असता. एखादा विद्यार्थी चित्र दाखवून बोलूं लागला तर हातांतली लाल लेखणी खालीं ठेवून ऐकावें. त्याचें दुःख आपल्या आवांक्याबाहेरचें दिसलें तर घरच्या वडील माणसांस व जाणत्या डॉक्टरांस विश्वासांत घ्यावें.

हें सर्व लिहिण्यापूर्वीं आम्हीं स्वतः करून पाहिलें, हें सांगितलें पाहिजे. रविवारीं दुपारीं घरीं वर्तमानपत्र पसरलें, गेरू कालविला, आणि मन मोकळें सोडून हात चालूं दिला. पहिली रेघ उभी, सरळ, कागदाच्या डाव्या कडेपासून दोन बोटें आंत आली. वीस वर्षें फळ्यावर व वह्यांवर आंखीत आलों तोच समास! दुसऱ्या कागदावरही तोच आला. तिसऱ्यावर तो ओलांडण्यास आम्हांस पंधरा मिनिटें लागलीं.